देणगीत न बसणारा बॉयलर

लार्कमाँट शाळा सुधारायला एका प्रतिष्ठानानं देणगी दिली. सतरा डिजिटल फळे आले, चिंतनासाठी मऊ गाद्या आल्या. फक्त वर्ग गरम ठेवणाऱ्या, नोव्हेंबरात बंद पडलेल्या बॉयलरला कुणी हात लावला नाही. एरी सरोवरावरचा बोचरा वारा वर्गात शिरला की पोरं हातमोजे घालूनच पेन्सिल धरायची.

"बॉयलर नियमात बसत नाही, मिस ओडेसा," मुख्याध्यापक क्वार्ल्स म्हणाले. "पैसा फक्त नवीन कल्पनांसाठी आहे."

"मग गाद्या पेटवू का?" ओडेसा टॉलिव्हर कडाडली. एकतीस वर्षं शाळेचं स्वयंपाकघर तिच्या ताब्यात होतं; क्वार्ल्सना चौथीत असताना वाटाणे खायला तिनंच लावलं होतं. "आण पोरांना माझ्या ओव्हनपाशी. बघतोस काय, बाळा?"

तीन वर्ग स्वयंपाकघरात मावले. मक्याच्या पावाचे तुकडे पाडत पोरं अपूर्णांक शिकू लागली. आणि नेमक्या त्याच दिवशी प्रतिष्ठानाच्या व्हिटलॉकबाई पाहणीला टपकल्या. एवढ्या थंडीत क्वार्ल्सना घाम फुटला.

"वर्गाला भिंती नाहीत! गणित आणि जेवण एकत्र!" बाई हरखल्या. "कल्पना कुणाची?"

"थंडीची," ओडेसा म्हणाली.

बाईंनी तेही लिहून घेतलं. "आणखी पाच वर्षं देणगी देऊ. मात्र इथलं काही बदलायचं नाही."

"बॉयलरसुद्धा?" ओडेसानं विचारलं.

"तो चालू झाला तर मुलं वर्गात परत जातील ना!"

ओडेसानं समोरच्या पोरीचे थंडीनं फुटलेले हात पाहिले. मग चारही ओव्हन बंद केले आणि मागचं दार सताड उघडलं.

"दुधाची गाडी यायचीय. बसा ना बाई, अपूर्णांक राहिलेत."

दहा मिनिटांत बाईंनी कोट चढवला. वीस मिनिटांत त्यांच्या हातातलं पेन गळून पडलं.

"अहो, हे... काही बदलायचं नाही म्हटलं होतं ना मी!"

"बदललं कुठं? शाळा अशीच आहे. ऊब तेवढी माझी होती."

बाईंचे दात वाजत होते. "क्वार्ल्स, बॉयलरला... शिक्षणसाधन म्हणता येईल?"

"नवीन शिक्षणसाधन," क्वार्ल्स घाईघाईनं म्हणाले.

फेब्रुवारीत बॉयलर धडधडू लागला. त्यावर प्रतिष्ठानाच्या नावाची पितळी पाटी बसली, फीत कापली गेली, फोटो निघाले. पाहुण्यांच्या गाड्या फाटकाबाहेर पडेपर्यंत ओडेसा थांबली. मग तिनं भांड्यांची ओली फडकी आणली आणि पाटीवर नीट पसरून वाळत घातली.