उकंडे डॉक्टर घरी आले ती दुपार

आमचे उकंडे डॉक्टर समोसा सरळ खात नसत. आधी सुरीनं मधोमध कापत, चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही अर्ध्यांची आतली बाजू तपासत आणि मगच तोंडात टाकत. "कापल्याशिवाय कोणाचा भरोसा नाही गा," म्हणत.

ते दवाखान्याचे पॅथॉलॉजिस्ट आणि मी त्यांचे रिपोर्ट टाइप करणारा. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा आमच्याकडे बरणीतून येई. तो मेणात बसवायचा, पातळ काप काढायचे, रंग चढवून काचेवर लावायचे. मग डॉक्टर मायक्रोस्कोपला डोळा लावत. बाहेर दंगा झाला तरी मान वर होत नसे.

पारशिवनीकडच्या शेतकऱ्याचा हा मुलगा खरं तर सर्जन व्हायला निघाला होता. हात चांगला होता म्हणे. पण ऑपरेशननंतर बाहेर येऊन नातेवाइकांशी बोलायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटे. एकदा तर पेशंट ठणठणीत असताना यांचं तोंड पाहूनच बायांनी गळा काढला.

"त्याच हप्त्यात मी मायक्रोस्कोपकडे पळालो," ते सांगत. "तिथं कोणी काही विचारत नाही."

आणीबाणीतल्या उन्हाळ्यात माझ्या बायकोच्या, सुमनच्या, छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि बरणी आमच्याच टेबलावर आली. रोज लोकांचे कॅन्सर टाइप करणारा मी. आता त्या रिपोर्टांच्या गठ्ठ्यात सुमनचं नाव येणार होतं. डॉक्टरांनी तिची स्लाइड लावली, तसा मी त्यांच्या पाठीशी जाऊन उभा राहिलो.

"काहून गा, मानेवर श्वास सोडून राहिला? मले दिसत नाही. घरी जाय."

"पण साहेब, रिपोर्ट..."

"जाय म्हटलं नं!"

मी काय समजायचं ते समजलो. जरीपटका वस्तीतल्या घरी आलो आणि सुमनसमोर नुसता पेपर धरून बसलो. एक ओळ वाचली असेल तर शपथ.

भर दुपारी दारात सायकलची घंटी वाजली. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेले उकंडे डॉक्टर! उंबऱ्यातच उभं राहून त्यांनी खिशातला कागद काढला आणि धडाधड इंग्रजी वाचू लागले. तिसऱ्या ओळीला थांबले. कागदाची घडी केली.

"साधी गाठ आहे वहिनी. कॅन्सर-गिन्सर काही नाही. निघाली, खतम."

सुमन हुंदके देऊ लागली. डॉक्टर घाबरले.

"काहून रडून राहिल्या? रिपोर्ट चांगला आहे नं!"

"म्हणून तं रडून राहिली," सुमन म्हणाली आणि रडता रडता हसली.

मी चहा केला. डॉक्टरांचा कप रिकामा झाला, पण ते उठेनात. सुमन दारात उभी राहून शेजारणीला मोठमोठ्यानं बातमी सांगत होती. ते ऐकत होते.

"काय झालं साहेब?" मी विचारलं.

"काही नाही गा. अठरा वर्षं झाले काचा पाहून राहिलो. ज्याची काच, ते माणूस कधी पाहिलंच नव्हतं."

मग जरा लाजत त्यांनी कप पुढे केला.

"अर्धा कप अजून भेटन का?"