मॅनहाइमला गाडी बदलायची

आमच्या गल्लीत पहाटे निरनिराळे नाद उठतात. कोपऱ्यावरच्या गोठ्यातून बादलीत पडणाऱ्या धारेचा, देवळातून घंटेचा, समोरच्या घरातून कुकरचा. शामराव आण्णांच्या गच्चीवरून मात्र जर्मनीतल्या रेल्वे स्थानकावरची घोषणा ऐकू येत असे. आधी स्वरांची नाजूक किणकिण, मग एका बाईचा गार, धुतलेल्या काचेसारखा स्वच्छ आवाज. त्यातला एक शब्दही गल्लीत कुणाला कळत नसे. आण्णांनाही कळत नसे. मोबाइल तुळशीच्या कट्ट्याला टेकवून, कमरेला पंचा गुंडाळून, ते मिटल्या डोळ्यांनी ती घोषणा भूपाळी ऐकावी तशी ऐकत. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "कान तयार कराय पायजेत, बाई. अंगाला तेल लावल्याबिगर कोण आखाड्यात उतरतंय व्हय?"

शामराव आण्णा मूळचे कोडोलीचे. वारणेकाठच्या एका डेअरीत दुधाची फॅट तपासण्यात त्यांची नोकरी सरली. पाठोपाठ त्यांची बायको, आमच्या काकूही गेल्या. घर एकाएकी मोठे झाले आणि या माणसाला परदेशाचा नाद लागला. तोही एकट्याने हिंडण्याचा. सहल कंपनीचे नाव काढले की त्यांच्या मिशा थरथरत. झेंडा धरून कुणी पुढे चालायचे आणि आपण मेंढरांगत मागून जायचे, हे त्यांच्या अब्रूला मानवत नसे. "रस्ता आपला, गाडी त्येंची, तिकीट आपल्या हातचं," हा त्यांचा मंत्र होता. या 'आपल्या हाता'त माझा हात गृहीत धरलेला असे, कारण संगणक माझा होता.

संध्याकाळी ते माझ्या सोप्यात येऊन बसत. त्यांच्याबरोबर कांदा-लसूण चटणीचा आणि कापराचा संमिश्र वास येई. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोट पडद्यावर. तिकीट विकणाऱ्या त्या अदृश्य यंत्रणेला ते 'पावणं' म्हणत. पाहुणे जन्मतारीख विचारत, जाण्याचा दिवस विचारत, येण्याचा दिवस विचारत. "पावणं लई चौकशा कराल्यात. सोयरीक जमवायची हाय का काय?" अखेर पैसे भरायची वेळ आली की बँकेचा सांकेतिक आकडा त्यांच्या मोबाइलवर येई, आणि मोबाइल त्यांच्या स्वयंपाकघरात चार्जिंगला असे. आण्णा तो आणायला जात. वाटेत कुणीतरी भेटे, त्याच्या म्हशीची चौकशी होई, आणि ते परत येईतो पडद्यावर वेळ संपल्याची सूचना झळकलेली असे.

"गिऱ्हाईक दारात असताना दुकान बंद करत्यात व्हय?" असे म्हणून ते पुन्हा जन्मतारखेपासून सुरुवात करत.

त्यांना सर्वांत झोंबली ती एक गोष्ट. त्या देशात तिकीट वेगळे आणि बसायची जागा वेगळी. जागा हवी तर तिचे निराळे आरक्षण. "म्हंजे जेवणाचं आवतण दिलं आणि पाट मांडला न्हाय," असा निवाडा देऊन गेल्या वर्षी त्यांनी जागा राखून ठेवायचे साफ नाकारले. आयुष्यभर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेला माणूस तो. तिकडच्या गाड्यांच्या खिडक्या उघडत नाहीत, म्हणून आण्णांनी आत शिरून एका आसनावर रुमाल पसरला आणि निर्धास्तपणे पाय मोकळे करायला गेले. परतले तेव्हा तिथे एक आजीबाई विणकाम करत बसल्या होत्या. त्यांनी रुमालाची सुरेख चौकोनी घडी घालून, हसून, तो आण्णांच्या हातात दिला. "जागा गेली. पर रुमाल अगदी इस्त्रीतनं काढल्यागत," हे सांगताना मात्र त्यांच्या स्वरात त्या देशाविषयी खरा आदर होता.

यंदा त्यांना फ्रायबुर्गला जायचे होते. फ्रँकफुर्टहून थेट गाडी होती, मी ती दाखवली. आण्णांनी मान हलवली. गाडी मॅनहाइमला बदलायची. मग मी तिथून लगेच सुटणारी जोडगाडी शोधली. तीही नको. सकाळी उतरायचे आणि पुढची गाडी थेट संध्याकाळची. गेल्या वर्षी हायडेलबर्गला जातानाही त्यांनी हेच केले होते. जगातले सारे प्रवासी जोडगाडीची वाट पाहण्याची वेळ कमी करायला धडपडतात. हा एकटा माणूस ती ताणून ताणून लांबवत होता.

"तिथं काय आहे, आण्णा?"

"वैशाली हाय की," ते पडद्याकडे पाहत म्हणाले.

वैशाली ही त्यांची एकुलती एक लेक. काकू गेल्यावर तिने फोनवर सांगितले होते, घर बंद करा आणि माझ्याकडे राहायला या. लेकीच्या दारात म्हातारा बांधत नसतात, असे आण्णांनी तिला तोडून टाकले. तीही त्यांचीच लेक, म्हणाली, मग पाहुणे म्हणूनही येऊ नका. त्यानंतर बोलणे थांबले. दिवाळीला पणतीचे चित्र जाई, पणतीचे चित्र येई.

लेकीच्या घरचे पाणीही घ्यायचे नाही, म्हणून आण्णांचे वडील तिच्या गावी गेले की तहान लागल्यावर शेजारच्या घरी पाणी मागत. तेच रक्त. म्हणून आण्णांनी तोड काढली होती. "स्टेशन काय लेकीचं घर न्हवं. तिथं बाकड्यावर बसून तिनं आणल्यालं दोन घास खाल्लं, तर त्ये तिच्या घरचं हुईत न्हाय."

"मग गेल्या वर्षी आली होती?"

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा पुसला. तिला कळवलेच नव्हते. ती त्या गावची, आपण पाहुणे. पाहुण्याने घरच्या माणसाला आवतण कसे द्यायचे? म्हणून दिवसभर ते फलाटावर बसून राहिले होते. समोरून काळ्या केसांची कुणी आली की उठत, आणि पुन्हा बसत.

मी पुन्हा पडद्याकडे वळले. तिकीट काढले, यंदा जागेसकट. पैसे भरल्याची खूण उमटताच आण्णा म्हणाले, "तुमच्या मोबाइलवरनं तिला तिकीट तेवढं धाडा, बाई. वर काय बी लिहू नगा."

मी तसेच पाठवले. ते वाचल्याच्या निळ्या खुणा लगेच दिसल्या. उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी कंपाउंडच्या भिंतीवरून आण्णांनी विचारले, जर्मनीत पाऊस बिऊस हाय का? मी म्हणाले, अजून नाही, आण्णा. निघेपर्यंत ते रोज पावसाची चौकशी करत राहिले, आणि रोज मी तेच उत्तर देत राहिले.

ते मॅनहाइमला उतरायचे त्या दिवशी दुपार कलताना मी मेथी निवडत बसले होते. बोटांना तिचा हिरवा, कडसर वास लागला होता. फोन वाजला. पलीकडे बॅगांच्या चाकांची घरघर, पावलांची गर्दी, आणि आण्णांचा नुसता श्वास. मी दोनदा हाक मारली. ज्यांची साधी हाक गल्लीच्या टोकाला ऐकू जायची, ते आण्णा, पाळण्यातले मूल जागे होईल की काय अशा भीतीने बोलावे तसे, अगदी हलक्या आवाजात म्हणाले,

"आली."