तात्यांची लांब फळी

आमचे शेजारी तात्या मोहिते तलावावर पोहायला जात नसत, उभे राहायला जात. छोटी फळी पाण्यात ढकलायची, तिच्यावर चढायचं आणि हातातल्या बांबूने तळाला रेटा देत पलीकडचा काठ गाठायचा. अंगात खाकी हाफपँट, डोक्याला फेटा. तो फेटा कधी भिजला नाही, याचा त्यांना भारी अभिमान.

संस्थानच्या फौजेत, पूल बांधणाऱ्या तुकडीत ते ही विद्या शिकले. संस्थान विलीन झालं, तुकडी मोडली, तात्या सरकारी कचेरीत कारकून झाले. शिंदे की छावनी या आमच्या वस्तीतले आम्ही हसायचो. तात्या म्हणत, "हसा. फौज गेली, पाणी तर इथेच आहे ना?"

मग नवं राज्य झालं. राजधानी भोपाळला ठरली आणि तात्यांची कचेरीही तिकडे निघाली. त्याच आठवड्यात तात्यांनी सुताराकडून दहा हात लांब फळी करून आणली आणि पहिल्याच दिवशी चारदा पाण्यात पडले. फेट्यासकट.

छोट्या फळीवर पाय रोवून नुसती कंबर वळवली की भागे. लांब फळी ऐकेना. मागे उभं राहिलं की तिचं नाक आभाळाकडे, पुढे गेलं की पाण्यात. तात्यांनी फळी दारासमोर मांडून सराव सुरू केला. गुडघे सैल, नजर समोर, एका पायापुढून दुसरा टाकत टोकापर्यंत जायचं, तसंच मागे यायचं.

"उड्या नाही मारायच्या, चालायचं," ते मला बजावत. "पाय हलले पाहिजेत, इरादा नाही."

तात्या भोपाळला जायला तयार नव्हते. कचेरीतले साहेब समजावायला घरी आले, तेव्हाही तात्या फळीवरच.

"मोहिते, भोपाल में तो इतना बड़ा तालाब है. फळी भी ले चलो."

"हुकूम आहे, साहेब?"

"हुकूमच समझो."

"तो लिख लीजिए, मोहिते नहीं आएगा."

नोकरी गेली. पुढे ते एका शाळेत कवायत शिकवू लागले. मी एकदा न राहवून विचारलं, "तात्या, एका तलावासाठी?"

"तलावासाठी कोण म्हणतं?" एवढंच बोलले.

दिवाळीनंतर एका सकाळी मी सहज तलावावर गेलो. फळीच्या पुढच्या भागात तात्यांच्या पत्नी, आमच्या काकू, मांडी घालून बसल्या होत्या. मागे तात्या उभे. काकूंची दृष्टी जाऊन दोन वर्षं झाली होती. घर, गल्ली, देवळाच्या पायऱ्या त्यांना पावलांनी पाठ होत्या. कोणाचा हात न धरता त्या जाऊन येत. नव्या गावात त्यांना पार उंबरठ्यापासून सुरुवात करावी लागली असती. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

काकूंनी एक हात पाण्यात सोडला होता.

"काठ आला का हो?" त्यांनी विचारलं.

काठ दोन हातांवर होता. मी तिथेच उभा होतो. तात्यांनी माझ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं.

"नाही, अजून लांब आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी फळी हळूच पुन्हा आतल्या पाण्याकडे वळवली.