सात भाषांची भोरडी

एका जंगलात सिनेमे निघत असत. हसू नका बाळांनो, जंगलं पुढारली की असं होतं.

ज्वारीच्या हंगामात तिथे थेट युरोपातून एक भोरडी उडत आली. नाव इलोना. गुलाबी अंग, काळा तुरा. पेशानं नटी. वाटेतल्या जंगलांत जे जे प्राणी भेटले, त्यांची भाषा ती शिकली होती. सात भाषा, सात सिनेमे. भूमिका मात्र सगळीकडे एकच, परक्या गावच्या पाहुणीची. एकदा तरी घरातली मुलगी व्हावं, असं तिला फार वाटे.

ती दिग्दर्शक अस्वलरावांकडे गेली.

"इथल्या भाषा येतात?" त्यांनी विचारलं.

इलोना सांबराच्या भाषेत विरहानं व्याकूळ झाली. माकडाच्या भाषेत कडाकडा भांडली. कोल्ह्याच्या भाषेत तिनं अशी थाप मारली की कोल्हासुद्धा फसला.

"काय स्वच्छ उच्चार!" अस्वलराव म्हणाले. "पण इतकं स्वच्छ इथलं कुणीच बोलत नाही हो. प्रेक्षकांना खटकेल. असं करू, तुम्ही घरातलीच मुलगी व्हा. पण मुकी."

इलोना फांदीवर बसून पोटभर रडली. मग तिनं ते काम घेतलं आणि जीव ओतून केलं. बापाचं काम म्हाताऱ्या सांबरनानांकडे होतं. निरोपाच्या प्रसंगात ते संवादच विसरले. इलोनानं नुसती मान त्यांच्या गळ्याशी टेकवली. अख्खं जंगल हुंदके देऊन रडलं.

तिला मोठं बक्षीस मिळालं. सत्काराला उभी राहून तिनं सातही भाषांत आभार मानले.

"आमची भाषा तिसरी का?" माकडं ओरडली.

"आणि आमची कुठंय?" मोरांनी पिसारे आपटले.

पाच मिनिटांत मंडप आडवा झाला. अस्वलराव तिच्या कानाशी लागले. "बाई, तुम्ही मुक्याच बऱ्या होतात."

त्या गोंधळातून सांबरनाना वाट काढत आले. इलोना काही सांगणार, तोच ते म्हणाले, "राहू दे गं पोरी. दमली असशील. घरी चल, ज्वारीची कणसं काढून ठेवलीत."

ती त्यांच्या पाठीवर बसून निघून गेली. त्यानंतर तिनं सिनेमा केला नाही. नानांशी मात्र दिवसभर बडबड करी, जी भाषा तोंडात येईल तिच्यात.

तात्पर्य: बाळांनो, भाषा भरपूर शिका. म्हणजे कुठंही गेलात तरी, 'गप्प बसा' हे आपल्यालाच सांगताहेत, एवढं लगेच समजतं.