फुकटचे पाच सेकंद

"फुकट मिळतंय ना? मग इकत घ्यायचं कशाला?" यात्रा कमिटीचे अध्यक्ष कुशाबा म्हणाले आणि विषय संपल्यासारखी टोपी झटकून पुन्हा डोक्यावर ठेवली.

शिनोलीच्या पुढे आत वळलं की तांबखडक लागतं. तिथल्या भैरवनाथाच्या मंडपात कमिटीची दहा-बारा माणसं बसली होती आणि त्यांच्यासमोर चोवीस वर्षांची अक्षदा दोन कागद हातात धरून उभी होती. अक्षदा मंचरच्या एका कंप्युटर क्लासमध्ये शिकवायची. दोन हजार चार सालच्या यात्रेत बैलगाडा शर्यतीची वेळ कंप्युटरवर मोजायची, असं ठरलं होतं. ते ठरवलं होतं अक्षदानं. कमिटीला नंतर कळवलं होतं.

कारण तिचे वडील. गेणभाऊ बावीस वर्षं घाटातले, म्हणजे गाडे पळतात त्या चढावरचे, घड्याळवाले होते. खाली निशाण पडलं की घड्याळाचं बटण दाबायचं, गाडा वर पोचून वरचं निशाण पडलं की पुन्हा दाबायचं आणि आकडा सांगायचा. बारा सेकंदांच्या आत घाट चढेल तो गाडा पहिल्या नंबरात. त्यामुळे अकरा पूर्णांक नव्वदवाला गेणभाऊंना देवमाणूस म्हणायचा आणि बारा पूर्णांक पाचवाला म्हणायचा, "मूठ उघड, बगू दे घड्याळ." गेल्या वर्षी अशाच एकानं त्यांची गचांडी धरली. सदऱ्याची दोन बटणं घाटात पडली. घरी आल्यावर गेणभाऊंनी सदरा काढला. सुईदोरा घेऊन ओसरीत बसले. ते बघून अक्षदाच्या मनानं घेतलं. आकडा मुठीत असतो म्हणून भांडण होतं. तो मोठ्या टीव्हीवर साऱ्या घाटाला दिसला, तर गचांडी कुणाची धरणार?

"नाना, नीट ऐका," ती कुशाबांना म्हणाली. "प्रोग्रॅम मीच लिहिणार. पण तो लिहायला एक सॉफ्टवेअर लागतं. सुताराला हत्यारं लागतात तसं. ते दोन परकारचं येतं. एक फुकट आणि एक अठरा हजाराचं."

"फुकटच्यात काय कमी हाय?"

"काम सगळं करतं. फक्त मधनंच एक पाटी येते, विकत घ्या म्हणून. तीही कधीतरी."

"मग येऊ दे की! आमी न्हाई घेनार म्हनायचं."

"शर्यतीचं काम हाय नाना. ऐन वेळी घोळ नको. विकतचंच घेऊ."

"अठरा हजारात बँड येतो पोरी. वाजतो तरी."

मंचरच्या बाजारात एका दुकानदारानं तिला तिसरा मार्गही सुचवला होता. अठरा हजाराचंच सॉफ्टवेअर, कुलूप फोडलेलं, पन्नास रुपयांना सीडी. अक्षदानं ती त्याच्या काउंटरवरच ठेवली. "चोरीच्या घड्याळानं दुसऱ्याचा खरेपणा मोजायचा?" असं म्हणून ती बाहेर पडली. राहिलं फुकटचं. ते एका मासिकाबरोबरच्या सीडीवर आलं होतं.

महिनाभर ती क्लास सुटल्यावर बसली. प्रोग्रॅम झाला. स्पेसचं बटण दाबलं की आकडे पळायचे, एंटर दाबलं की थांबायचे. खात्री करायला तिनं आईला, अंबाबाईंना, गोठ्यापासून उंबऱ्यापर्यंत चालायला लावलं. एक नाही, चाळीस वेळा.

"अगं, मला काय घाटात पळवायचीय का?" पस्तिसाव्या खेपेला अंबाबाईंनी विचारलं.

"आई, पाच राहिल्यात फक्त."

चाळीसच्या चाळीस वेळा आकडा बरोबर आला. विकत घ्या म्हणणारी पाटी फक्त एकदा, कंप्युटर चालू करताना, आली. म्हणजे ती तेवढ्यापुरतीच असणार, असं अक्षदा धरून चालली.

यात्रेच्या दिवशी घाटाच्या माथ्यावर मांडवात कंप्युटर ठेवला. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडून चार टीव्ही भाड्यानं आणले होते. उन्हात दिसावेत म्हणून त्यांना काळ्या कापडाचे बुरखे घातले होते. जनरेटर धडधडत होता. खालच्या निशाणावर नजर ठेवून अक्षदा स्पेस दाबायची, वरचं निशाण पडलं की शेजारी बसलेले गेणभाऊ एंटर दाबायचे. माइकवर कुंडलिक गुरुजी होते. चाळीस वर्षं शाळेत हजेरी घेतल्यामुळे त्यांचा आवाज घाटाच्या पायथ्याशीही स्पष्ट ऐकू जायचा.

पन्नास गाडे पळाले. आकडे टीव्हीवर पळताना दिसत होते, सगळ्यांच्या देखत थांबत होते. बारा पूर्णांक दोनवाला मालक टीव्हीपर्यंत तावातावानं आला, आकड्याकडे बघितलं आणि बैलांना शिव्या देत परत गेला. गेणभाऊंना एकही माणूस काही बोलला नाही. एवढ्या शांततेची सवय नसल्यामुळे ते दर दहा मिनिटांनी सदऱ्याची बटणं चाचपत होते.

एकावन्नावी बारी, म्हणजे पाळी, महाळुंगे पडवळच्या धर्माजींची होती. धर्माजी सत्तरीचे. त्यांचे बैल दर वर्षी यायचे आणि दर वर्षी शेवटच्या पाचात असायचे. निशाण पडलं. अक्षदानं स्पेस दाबली.

आकडे पळेनात. चारही टीव्हींवर एक पांढरी चौकट उगवली. तिच्यात इंग्रजीत चार ओळी आणि खाली उलटी मोजणी: पाच, चार, तीन.

अक्षदानं तीन वेळा माउस दाबला. मोजणी संपल्याशिवाय चौकट हलायला तयार नव्हती. इकडे कुंडलिक गुरुजींना टीव्हीवर काही लिहून आलं की ते वाचायचं असतं, एवढंच ठाऊक होतं. त्यांनी चष्मा सरसावला आणि इंग्रजीचं मराठी करत वाचलं.

"आपण ही फुकट आवृत्ती वापरत आहात, त्याबद्दल आभार! कृपया विकत घ्यावी ही विनंती! देणगीदाराचं नाव नंतर जाहीर करण्यात येईल!"

चौकट गेली, आकडे सुरू झाले आणि थोड्याच वेळात वरचं निशाण पडलं. गेणभाऊंनी इमानेइतबारे एंटर दाबलं.

आठ पूर्णांक नव्वद.

महाळुंग्याच्या पोरांनी गुलालाची पोतीच फोडली. आठ सेकंदात घाट चढलेला गाडा आंबेगाव काय, जुन्नर तालुक्यातही कुणी बघितला नव्हता.

"थांबा! हे चुकीचं हाय!" अक्षदा मांडवातून ओरडली. "पाटी आली म्हणून मोजायला उशिरा सुरवात झाली."

"आसं का?" धर्माजींचा पुतण्या पुढे झाला. "सकाळधरनं पन्नास गाड्यांचं खरं, आन् आमचा नंबर आला की खोटं? टीव्हीवर साऱ्या दुनियेनं बगितलं. तूच म्हनली व्हतीस ना ताई, टीव्हीवर दिसलं की भांडान न्हाई?"

कमिटीनं डोकी एकत्र केली आणि अशा वेळी कमिट्या जे करतात तेच केलं: निकाल राखून ठेवला आणि शर्यत पुढे चालू केली.

एकसष्टाव्या बारीला पाटी पुन्हा आली. या वेळी शिनोलीच्या एका गाड्याला आठ पूर्णांक दहा मिळाले. आता घाटातल्या माणसांना हिशेब समजला. एकावन्न, एकसष्ट, म्हणजे पुढची पाटी एकाहत्तरला. बघता बघता बैल, घोडी, कासरे सोडून सगळे एकाहत्तर नंबरचं टोकन कुणाकडे आहे ते शोधू लागले. ते जुन्नरकडच्या एका भोळ्या गाडामालकाकडे निघालं. त्याला चहा पाजायला एकाच वेळी सहा जण आले, तेव्हा त्यालाही शंका आली.

थोड्या वेळानं गुरुजींनी जाहीर केलं, "बारी नंबर एकाहत्तर. मालकाच्या विनंतीवरून टोकन बदललेलं आहे. गाडामालक, कमिटीचे अध्यक्ष, कुशाबा!"

अक्षदानं मान वर करून बघितलं. कुशाबा टोपी सारखी करत, कुणाकडेच न बघता मांडवाच्या खांबाशी उभे होते.

तिनं डोळे बंद करून आपला प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून आठवला. पाटीला बैल दिसत नव्हते, माणसं दिसत नव्हती. तिला फक्त स्पेसचं बटण किती वेळा दाबलं एवढं कळत होतं. पन्नास झाली की एकदा आणि मग दर दहानंतर.

"आण्णा," ती वडिलांना म्हणाली, "आता घाट मोकळा हाय. मी बटण दाबते. पाटी आली की येऊ द्या. ती गेली की तुमी एंटर दाबा."

"मोकळ्या घाटाचं टायम घ्यायचं?"

"मोकळ्या घाटालाच आठ सेकंद देऊन टाकू."

तिनं स्पेस दाबली. मोकळ्या घाटावर पाटी आली, पाचापासून उलटी मोजली आणि निमूट गेली. गेणभाऊंनी एंटर दाबलं. अक्षदानं ती नोंद सगळ्यांच्या देखत पुसली आणि निशाणवाल्याला हात केला.

कुशाबांचा गाडा सुटला. आकडे पहिल्या क्षणापासून पळाले. तेरा पूर्णांक चाळीस.

कुशाबा लाल झाले. मांडवात आले, तोंड उघडलं आणि तसेच उभे राहिले. तक्रार काय करणार? माझ्या बारीला घोळ का झाला नाही, असं माइकसमोर अध्यक्षाला विचारता येईना.

"काय नाना?" अक्षदानं विचारलं.

"काय न्हाई. पानी पितीस का, इचारायला आलो व्हतो."

त्यानंतर दर नऊ गाड्यांनी अक्षदा एक मोकळी बारी सोडत गेली. पण आधीच्या दोन बाऱ्यांचं घोंगडं भिजतच होतं. महाळुंगेकर हटायला तयार नव्हते, शिनोलीकर त्यांच्याकडे बोट दाखवत होते, आणि बाकीचे गाडामालक आता हळूहळू गेणभाऊंच्या भोवती जमू लागले होते. कारण कंप्युटरची गचांडी धरता येत नाही.

"एंटर तुमीच दाबलं ना गेणभाऊ?" एकानं विचारलं आणि गेणभाऊंचा हात बटणांकडे गेला.

अक्षदा उठून वडिलांच्या पुढे उभी राहिली. "प्रोग्रॅम माझा हाय. काय इचारायचं ते मला इचारा. दोनी गाडे पुन्हा पळवायचे. त्याशिवाय मी इथनं उठणार नाही आणि कंप्युटरही उठणार नाही."

"आमी न्हाई पळवनार!" पुतण्या गरजला.

तेवढ्यात गर्दीतून गुलालानं माखलेले धर्माजी आले. त्यांनी आधी पुतण्याला बाजूला केलं आणि मग अक्षदासमोर बसकण मारली.

"पोरी, माज्या धाकल्या बैलाचं वय बारा," ते म्हणाले. "आठ सेकंदात तो गव्हानीतनं तोंड बी वर काढत न्हाई. मगाधरनं लोकं माज्या पाया पडाया लागल्यात. एक जन तर त्याचं शान घिऊन गेला, कपाळाला लावाया. मला लई भ्या वाटाया लागलंय. जुपा पुन्यांदा."

"आवं चुलतं, राजा व्हनार व्हतो आपुन घाटाचा!"

"व्हशील. आन् फुडल्या वर्षी त्याच घाटात पंधरा सेकंद लागलं की तोंड कुटं लपवशील?"

धर्माजींनी स्वतः बैल जुपले. गाडा पुन्हा पळाला. तेरा पूर्णांक ऐंशी. हे शेवटच्या पाचातलंच टायमिंग होतं, पण त्या बैलांचं गेल्या सहा वर्षांतलं सगळ्यात चांगलं निघालं. धर्माजींनी फेटा उडवला, आणि या खेपेला साऱ्या घाटानं शिट्ट्या मारल्या. त्यानंतर शिनोलीच्या मालकाला नाही म्हणायला तोंड राहिलं नाही. त्या यात्रेत गेणभाऊ सगळ्या बटणांसकट घरी आले.

दुसऱ्या दिवशी अक्षदानं ती पाटी मुद्दाम पुन्हा आणली आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली. चौथ्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलं होतं की ही सूचना नको असेल तर ईमेलनं फक्त नाव नोंदवा, पैसे लागणार नाहीत. अक्षदानं कपाळावर हात मारला. चार टीव्ही, पाच हजार माणसं, एक निवृत्त शिक्षक आणि ती स्वतः. चौथ्या ओळीपर्यंत कुणीच पोचलं नव्हतं. तिनं मंचरच्या सायबर कॅफेत जाऊन नाव नोंदवलं. पाटी बंद झाली.

आठवड्यानं कमिटीची बैठक बसली तेव्हा तिनं हे सगळं खरंखरं सांगितलं. वाचलं नाही ही चूक आपली, हेही सांगितलं. "आता विकतचं घ्यायची गरज नाही," ती म्हणाली. "फुकटचंच चालेल. एकही पाटी येणार नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुशाबा मात्र ताठ बसले.

"न्हाई," ते म्हणाले. "इकतचंच घ्यायचं. अठरा हजाराचं."

"पन नाना, तुमीच म्हनला व्हता…" एक सभासद म्हणाला.

"म्हनलो व्हतो. आता न्हाई म्हनत. बँड रद्द करा. कमी पडलं तर मी घालतो." आणि आक्षेप घ्यायला कुणी तोंड उघडायच्या आत त्यांनी ठराव लिहायला लावला, सही ठोकली.

अक्षदाला गलबलून आलं. माणूस चुकतो, पण शिकतोही, असं तिला वाटलं. बैठक उठली, लोक पांगले. चपला घालताना कुशाबांनी तिला देवळाच्या मागच्या बाजूला हळूच बोलावलं. आजूबाजूला कुणी नाही हे बघितलं. मग आवाज खाली आणला.

"पोरी, एक इचारू का? फुकटच्यानं धर्माजीला पाच-सा सेकंद सूट दिली."

"हो. मग?"

"न्हाई, म्हनलं, अठरा हजार मोजल्याव किती देत्याल?"