आचलची ऑडिशन आणि खुशालरावांचं इनाम

खुशालरावांनी जेवता जेवता ठरवून टाकलं, की आचलसोबत अमरावतीला आपणच जायचं. ठरवलं म्हणजे काय, तोंडात भाकरी असताना बोलून गेले. भाकरी गिळल्यावर शब्द मागं घेता आला असता. पण आशाबाईंनी तेवढ्यात “तुमी?” म्हणून विचारलं, आणि ते असं काही विचारलं, की जगातल्या कोणत्याही नवऱ्याला माघार घेता आली नसती.

“हाव, मी! काहून? मी का गेलो नाई कधी अमरावतीले?”

“गेले ना. वांगे घेऊन गेले. पोरगी घेऊन नाई गेले.”

आचल ही त्यांची एकुलती एक लेक. अचलपूरच्या अलीकडं त्यांचा भाजीपाल्याचा मळा आहे. वांगी, पालक आणि कोबी या तीन गोष्टी तिथं उत्तम येतात, आणि चौथं आलं ते आचलचं गाणं. बारावी झाल्याबरोबर तिनं अमरावतीच्या एका कॉलेजात संगीत-नाटकाच्या डिग्रीसाठी अर्ज केला. त्या शिक्षणात म्हणे गायचं, नाचायचं आणि रडायचं, तिन्ही एकाच वेळी. (खुशालरावांचं म्हणणं, हे तर लग्नात नवरीकडचे सगळेच करतात, त्याला डिग्री कशाला?)

आधी गाण्याचा व्हिडिओ पाठवायचा होता. तो आचलनं विहिरीजवळ काढला, कारण घरात मिक्सर, टीव्ही आणि बाबा एका वेळी बंद होण्याचा योग येत नव्हता. विहिरीवर मोटार चालू होती. पोरीनं त्या मोटारीचाच सूर धरला आणि असा आवाज लावला, की पालकाच्या वाफ्यात पाणी देणारी बाई फावडं टेकून उभी राहिली. कॉलेजातून उत्तर आलं: आवाज पसंत, प्रत्यक्ष ऑडिशनला या; तानपुरा फार सुरेल आहे, जमल्यास तोच घेऊन या. (तो तानपुरा पाच एचपीचा होता आणि सिमेंटात पक्का बसवलेला होता.)

आता घरात एकच अडचण होती, ती म्हणजे खुशालरावांची परवानगी. नाही म्हणायची त्यांची हिंमत नव्हती आणि हो म्हणायची सवय नव्हती. विषय निघाला की ते म्हणायचे, “नंबर लागला तरी पाहू. नाई त अकोल्याले आत्याकडं राह्य अन् नर्सिंग कर. नाटकातल्या पोरीचं मंग काय होते, कोनाले मालूम?”

“बाबा, एकदा नीट ऐका त.”

“लहानपनापासून ऐकून राहिलो ना व!”

आणि ऐकणं हेच खुशालरावांचं दुखणं होतं. आमच्या वऱ्हाडात खंजेरी भजनाला एक रीत आहे. गाणं आवडलं की ऐकणारा उठतो, सरळ गाणाऱ्याजवळ जातो आणि त्याच्या हातात नोट ठेवतो. गाणारा तिथंच थांबतो, माइकमध्ये देणाऱ्याचं नाव, गाव सांगतो, ‘मंडळ त्यांचं आभारी आहे’ म्हणतो आणि जिथं सोडलं तिथून गाणं पुढं नेतो. शब्द अर्धा तुटला असला तरी चालतो, नाव अर्धं तुटलेलं चालत नाही. खुशालरावांना हे इनाम देण्याचा रोगच होता. चांगला सूर कानावर पडला की माणूस उभा राहिलाच. चांदूर रेल्वेच्या स्पर्धेत तर त्यांनी विरुद्ध मंडळाला इतक्यांदा इनाम दिलं, की आपल्या मंडळानं परतताना त्यांना गाडीत घेतलंच नाही. तसंही मंडळात त्यांच्याकडं सतरंजी घालण्याचंच खातं होतं.

म्हणून निघायच्या सकाळी आशाबाईंनी त्यांचे खिसे उलटे केले. होतं नव्हतं ते आचलच्या पर्समध्ये गेलं.

“तथी उठाचं नाई,” आशाबाई म्हणाल्या. “बोलाचं नाई. कोनाले इनाम द्याचं नाई.”

“मंग श्वास घेऊ का?”

“घ्या. तोंड बंद ठेवून घ्या.”

एसटीतून बापलेक अमरावतीला पोचले. हॉलच्या दाराशी सूर्यभान नावाचा शिपाई उभा होता. त्यानं हात आडवा केला. “पालक बाहेर. पोरापोरींसंगं फक्त साथीदार आत.”

आता शहाणा माणूस बाहेर चहा पीत बसला असता. खुशालरावांनी आचलच्या पिशवीतली खंजेरी उपसली आणि छाती काढून म्हणाले, “आमी साथीदारच होय.”

“कायची साथ देता?”

“जन्मापासूनची.”

सूर्यभाननं वरून खालपर्यंत पाहिलं. धोतर नाही, पायजमा, टोपी पांढरी, चेहरा बराच गरीब. कलाकार असावा, असं त्याला वाटलं. त्यानं सोडलं.

“बाबा,” आत जाता जाता आचल कुजबुजली, “खंजेरी उलटी धरली तुमी.”

आत पुढच्या टेबलाशी पुण्याहून आलेल्या एक मॅडम होत्या आणि केसांची शेंडी बांधलेले एक सर होते. मागं खुर्च्यांवर पोरं-पोरी आणि त्यांचे साथीदार. कोणी पुटपुटत होतं, कोणी गरम पाणी पीत होतं, एक पोरगी भिंतीकडं तोंड करून मोठमोठ्यानं रडून पाहत होती. (सराव चालू होता. खुशालरावांनी मात्र तिला “नको रडू माय, होईन सगळं” म्हणून पिशवीतला पेरू दिला. तिनं तो रडतच खाल्ला.)

पहिलं नाव अकोल्याच्या शेखरचं निघालं. सोबत त्याचे वडील वामनराव, पेटीवर. वामनराव मात्र खरेखुरे साथीदार. अकोल्यात त्यांचं भजनी मंडळ जुनं, वऱ्हाडभर नावाजलेलं. शेखर उभा राहिला, डोळे मिटले आणि गायला लागला. काय सांगावं! आवाज असा, जणू कढईत तूप सोडलं. वर गेला तर वरच राहिला, खाली आला तर पायरी पायरीनं. खुशालरावांच्या टाळूला मुंग्या आल्या. गुडघे आपोआप सरळ व्हायला लागले.

“बाबा, बसा,” आचल दात आवळून म्हणाली.

“बसलोच आहो,” खुशालराव उभे राहून म्हणाले.

खिसे रिकामे होते हे खरं. पण नवरा-बायकोच्या संसारात टोपीची घडी कोणी तपासत नाही. तिथून त्यांनी एक नोट काढली, तडक पुढं गेले आणि शेखरच्या हातात दिली.

शेखर शिकला होता क्लासमध्ये. वडिलांच्या मंडळात त्यानं कधी पाय ठेवला नव्हता. त्यानं डोळे उघडले, नोट पाहिली, खुशालरावांना पाहिलं आणि म्हणाला, “थँक यू काका.” आणि पुढची ओळ विसरला.

“हे काय चाललंय?” मॅडम ओरडल्या.

“इनाम जी,” खुशालराव नम्रपणे म्हणाले. “खुशालराव, मुक्काम अचलपूर. पोट्ट्यानं नाव नाई घेतलं म्हनून मीच सांगून राहिलो.”

“खाली बसा!”

शेखरला पुन्हा गायला दिलं. तो चांगलाच गायला, पण ते पहिलं तूप थोडं थिजलं होतं. वामनरावांनी पेटीवरून मान न हलवता खुशालरावांची सालं काढली, नुसत्या डोळ्यांनी. आचलनं ओढणीत तोंड लपवलं. “बाबा, त्याचं नुकसान झालं ना!”

“अव, मले लय आवडलं त काय करू?”

हे मात्र खरं होतं. पोरीच्या स्पर्धेतल्या पोराला मनापासून दाद देणारा बाप त्या हॉलमध्ये दुसरा नव्हता. आणि नव्हता तेच बरं होतं.

मग आचलचं नाव निघालं. तिला गाण्यासोबत एक छोटा प्रवेशही करायचा होता. तो तिनं स्वतःच लिहिला होता. खुशालरावांना त्यातलं काही माहीत नव्हतं. ते खंजेरी मांडीवर घेऊन, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले.

“एक मुलगी गाव सोडून शिकायला निघाली आहे,” आचलनं सांगितलं. “बाप दारात उभा आहे. तो नाही म्हणत नाही आणि हो पण म्हणत नाही.”

खुशालरावांनी मनात म्हटलं, बापही काय एकेक असतात!

आचल गायला लागली.

“बोट सोडा, बाबा, आता वाट मला दिसते…”

मोटार नव्हती, विहीर नव्हती, पण आवाज तोच. साधा, काळ्या मातीसारखा भरीव, आणि शेवटी कुठंतरी ओला. रडायचा सराव करणाऱ्या पोरीला आता सरावाची गरज उरली नाही. दुसऱ्यांदा तीच ओळ घेत आचल “वाट” या शब्दावर पोचली, तोच वामनराव पेटी बाजूला सारून उठले.

इनाम अंगावर ठेवायचं नाही, फेडायचं, ही रीत अकोल्यातही आहे. त्यात थोडा सूडही असेल. नाही कशाला म्हणा. तीच नोट घेऊन वामनराव ऐन सुरात आचलसमोर उभे राहिले.

खुशालरावांनी मांड्यांखालचे हात आणखी दाबले. शेखरसारखा पोरगा गडबडला, आता आपली पोरगी गेली! आणि हे सगळं कोणी सुरू केलं? (उत्तर त्यांना येत होतं.)

पण आचल सात वर्षांची असल्यापासून मंडळात उभी राहत होती. तिनं “वाट” तिथंच सोडली, नोट घेऊन कपाळाला लावली आणि त्याच सुरात, तोच ताल धरून म्हणाली,

“अकोल्याचे वामनराव, मोठ्या मनाचे, यांच्याकडून इनाम आलं, मंडळ त्यांचं आभारी आहे…” आणि श्वासही न घेता, “…मला दिसते!”

सूर केसभर हलला नव्हता. शेंडीवाल्या सरांनी वामनरावांच्या पेटीचा स्वर दाबून पाहिला. तंतोतंत. ते मॅडमकडं पाहायला लागले. मॅडमच्या डोळ्यांत आता लहान पोरीसारखी खोडी चमकली. त्या उठल्या, आणि ऐन तानेत आचलच्या हातात आपला पेन ठेवला.

“पुण्याच्या मॅडम यांच्याकडून पेन आला, शाई असो वा नसो, मंडळ त्यांचं आभारी आहे…” आणि तान पुढं!

सरांनी चष्मा दिला. तोही आभारासकट सुरात बसला, आणि “चष्मा गाणं झाल्यावर परत मिळेल” हेही बसलं. मागं पोरं टाळ्या वाजवायला लागली. शेखर तर सगळ्यात जोरात. वामनरावांनी परत जाऊन पेटी ओढली आणि आचलला साथ धरली, न मागता.

आता खुशालरावांना खुर्चीवर कोण ठेवणार? हात मांड्यांखालून निसटले. डोळ्यांतून धारा. ते पुढं धावले, टोपी चाचपली, खिसे चाचपले. कुठंच काही नाही. लेकीसमोर रिकाम्या हातांनी उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याजवळ इनाम द्यायला काहीच नव्हतं, आणि पहिल्यांदाच द्यावंसं एवढं वाटत होतं.

आचल गाता गाता थांबली. तिनं बापाकडं पाहिलं. ती काय बोलणार हे फक्त तिलाच माहीत होतं, आणि थोडं आशाबाईंना असेल.

“अचलपूरचे खुशालराव,” ती हळूच सुरात म्हणाली, “माझे बाबा, यांच्याकडून परवानगी…”

आणि तिथंच थांबून राहिली. सूर लावून, हात पुढं करून. नाव घेतलं होतं. नाव घेतल्यावर इनाम न देता मागं फिरलेला माणूस वऱ्हाडात अजून झालेला नाही.

“देल्ली!” खुशालराव हंबरडा फोडून म्हणाले. “देल्ली व माय, देल्ली! सगळ्यांसमोर देल्ली!” आणि खंजेरी डोक्यावर धरून, दोन्ही पाय जुळवून, पोरीसमोर मटकन खाली बसले.

“…मंडळ त्यांचं जन्मभर आभारी आहे,” आचल म्हणाली. आता मात्र तिचा सूर थोडासा हलला. तेवढाच. मग तिनं ओळ पुरी केली.

परतीच्या एसटीत खुशालराव सगळ्या गाडीला सांगत होते, की कॉलेजवाले आपल्याकडं कसे टक लावून पाहत होते. घरी आल्यावर त्यांनी तो प्रसंग आशाबाईंना करून दाखवला, मग शेजाऱ्यांना, मग पालकाच्या वाफ्यातल्या बाईला. दर वेळी हंबरडा थोडा वाढत गेला.

आठवड्याभरानं फोन आला. पुण्याच्या मॅडमच होत्या. आचलनं स्पीकर लावला. खुशालरावांनी टोपी नीट केली.

“आचल, अभिनंदन! तुझी निवड झाली आहे. शेखरचीसुद्धा. असा सूर आणि असं प्रसंगावधान मी फार वर्षांनी पाहिलं.”

आचल आईच्या गळ्यात पडली. खुशालराव फोनजवळ सरकले. आपल्याबद्दल काही निघतंय का, म्हणून.

“फक्त एक छोटी सूचना,” मॅडम म्हणाल्या. “प्रवेश तू सुंदर बांधला होतास. पण वडिलांचं काम करायला जो नट सोबत आणला होतास ना, तो पुढच्या वेळी बदल. फार भडक करतो गं. ते टोपी चाचपणं, ते रडणं, ते मटकन बसणं… गावाकडचे खरे वडील असे नसतात.”

खुशालरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग आशाबाई फोनवर वाकल्या.

“मॅडम, मी बी लग्न झाल्यापासून बदलाले पाहून राहिली,” त्या म्हणाल्या, “पन या कामाले दुसरा कोनी तयारच होऊन नाई राहिला!”