काकांच्या गालाची काचपट्टी

त्या दिवशी दुपारपासून काका प्रत्येक प्रश्नाला ओठ न उघडता नुसतं "हं" म्हणत होते. खरं तर घरातल्यांना तिथेच शंका यायला हवी होती. बसच्या आगाराचे प्रमुख म्हणून निवृत्त झालेला माणूस "हं" वर थांबत नाही. पण देवाने दिलेल्या शांततेची चौकशी कोण करतं? सूनबाई खूश होती. काकू शरीरशास्त्राच्या वर्गाच्या परीक्षेच्या अभ्यासात होत्या. घरात कसं सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं.

घात केला तो चहाने. पहिल्याच घोटाला काकांची जीभ पोळली आणि तोंड आपोआप उघडलं.

"बाबा!" सूनबाई किंचाळली. "आई, लवकर या! बाबांची जीभ निळी झालीय!"

जीभ निळी होतीच. हिरड्या निळ्या, गाल आतून निळे, दातांच्या फटीही निळ्या. नेमके तेव्हाच वर्तमानपत्र मागायला आलेले शेजारचे वकील हातात चहाचा कप घेऊन दारात उभे होते. या गृहस्थांना वकिली सोडून बरीच वर्षं झाली होती, पण उलटतपासणी काही सुटली नव्हती. त्यांनी काकांच्या तोंडात डोकावून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"साहेब, शेवटचं काय घेतलंत?"

काकांनी कपाकडे बोट केलं.

"चहा कोणी केला?"

"मी," काकू आतून येता येता म्हणाल्या.

वकिलांनी काकूंकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातातल्या कपाकडे पाहिलं. तो अर्धा संपला होता. त्यांनी तो टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला ठेवला आणि आरशासमोर जाऊन स्वतःची जीभ बाहेर काढली. ती गुलाबी होती, तरी त्यांनी ती दोनदा तपासली.

काकूंना मात्र तो रंग पाहताक्षणी ओळखू आला. त्या तडक आतल्या खोलीत गेल्या. खिडकीजवळच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक होता, शेजारी शरीरशास्त्राचं पुस्तक होतं आणि मिथिलीन ब्लू नावाच्या निळ्या रंगाची बाटली होती. काल ती काठोकाठ भरलेली होती. आता तळाशी ओल तेवढी शिल्लक होती.

"अगंबाई! हा तर आमच्या वर्गाचा रंग!"

झालं. प्रामाणिकपणाने बोललं की देव पाठीशी उभा राहतो असं काकू मानत. तो राहतोही, पण त्याच्या आधी वकील समोर उभे राहतात.

"म्हणजे वहिनी, रसायन तुम्ही घरात आणलंत?"

"पेशी बघायला लागतं ते. साध्या डोळ्यांना पेशी दिसत नाहीत, आणि भिंगाखालीही रंगाशिवाय नीट दिसत नाहीत. आठवडाभर यंत्र न् बाटली माझ्याकडे होती, सरावाला. उद्या परत न्यायचीय."

"आणि ते साहेबांच्या पोटात गेलं कसं?"

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी छताकडे पाहिलं.

"मला काय माहीत?" ते निळ्या तोंडाने म्हणाले. "घराची प्रयोगशाळा केलीय हिने. कुठे काय ठेवलेलं असतं, कळतं का माणसाला?"

"अहो, पण बाटलीवर एवढ्या मोठ्या अक्षरात..."

"तू मधे बोलू नकोस."

हे काकांचं आवडतं वाक्य. आगारात ते चालकांना ऐकवून झालं, मग वाहकांना, आणि निवृत्तीनंतर सगळा साठा घरी आला.

कोपऱ्यावरचे डॉक्टर येऊन गेले. त्यांनी कापसाचा बोळा काकांच्या गालावरून फिरवला, बोळा निळा झाला आणि डॉक्टर हसले. "फार पोटात गेलेलं दिसत नाही. एक-दोन दिवसांत जाईल सगळं. आणि हो, लघवीलाही रंग येईल थोडा, घाबरू नका," एवढं सांगून ते गेले. ते शेवटचं वाक्य काकांनी बहुधा ऐकलंच नव्हतं. कारण थोड्या वेळाने न्हाणीघरातून "अगं! अगं, इकडे ये!" अशी जी आरोळी आली, ती ऐकून वरच्या मजल्यावरचे लोकही जिन्यात जमले.

आता वकिलांना थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. पुस्तकात ऊतींचे, म्हणजे पेशींच्या समूहांचे, प्रकार आणि पोटप्रकार दिले होते, आणि काकूंनी ते पाठ करायला घरचीच माणसं वाटून घेतली होती. सूनबाई म्हणजे चेता ऊती, इकडे सुई टोचली की तिकडे किंकाळी. काका म्हणजे अस्थी, वाकायचं नाव नाही. आणि वकील म्हणजे संयोजी ऊती, प्रत्येक दोन गोष्टींच्या मधे हजर. त्या संयोजी ऊतीने आता यंत्राच्या पेटीवरचा वर्गाचा नंबर पाहून थेट शरीरशास्त्राच्या बाईंना फोन लावला, तोही सगळ्यांना ऐकू येईल असा.

"तुमच्या रसायनाने एका ज्येष्ठ नागरिकाचा जीव जाता जाता राहिलाय!" वकील गरजले.

पलीकडून बाईंनी आधी कुणाचं घर ते विचारून घेतलं. मग बाईंचा तरुण, घाबरलेला आवाज आला. "काकू, तुम्ही बाटली उघडी टाकली होती? वरिष्ठ मला विचारतील हो. काय झालं ते नीट कळल्याशिवाय उद्या तुम्हाला प्रात्यक्षिकाला बसवता येणार नाही मला. कुणाच्या चुकीने झालं, ते कुणीतरी सांगायला हवं."

काकूंच्या हातातला फडका हातातच राहिला.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांच्या पायांना तेल चोळण्यात काकूंची कितीतरी वर्षं गेली होती. त्या गेल्यावर काकूंना एकच रुखरुख लागली. ज्या पायांची इतकी सेवा केली, त्यांच्या कातडीखाली काय होतं, कुठे दाबलं की का दुखत होतं, हे आपल्याला माहीतच नव्हतं. म्हणून त्यांनी या वर्गात नाव घातलं. प्रात्यक्षिक पार पडलं तरच पुढे रुग्णसेविकेच्या शिक्षणाला प्रवेश होता. "या वयात?" असं काकांनी विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "देवाने माणसाच्या आत एवढं बारीक विणून ठेवलंय. ते न बघता नुसते हात जोडायचे, हे मला काही बरं वाटत नाही."

"वहिनी, आता ऐका माझं," वकील मऊ आवाजात म्हणाले. "बाईंना सांगून टाका, चुकले म्हणून. यंत्र परत करा, वर्ग सोडा. घरची शांती महत्त्वाची."

"मी चुकले नाही," काकू म्हणाल्या.

आवाज नेहमीसारखाच हळू होता, त्यामुळे आपण ऐकलं ते खरं का, हे सूनबाईला कळेना.

"बाटली बंद होती. नाव लिहिलेलं होतं. टेबल माझं होतं. परीक्षेला मी जाणार. आत घेतलं नाही तर दाराशी उभी राहीन, पण चुकले म्हणणार नाही."

"अगं, पण..." काका म्हणाले.

"भावजी, वर्तमानपत्र खुंटीला अडकवलंय. घ्या आणि या आता," काकू वकिलांना म्हणाल्या. संयोजी ऊती घरातून अशी सहजासहजी सुटत नाही, पण त्या दिवशी सुटली.

मग त्या यंत्र आवरायला आत गेल्या आणि तिथेच थबकल्या. सूक्ष्मदर्शकाखाली एक काचपट्टी होती. ती त्यांची नव्हती. त्यांच्या सगळ्या पट्ट्या पुसून डबीत ठेवलेल्या होत्या. शिवाय ही उलटी बसवलेली होती. पट्टीशेजारी एक दातकोरणी पडली होती आणि तिचं मागचं टोक चावून चावून कुंचल्यासारखं झालं होतं. साऱ्या घरात दातकोरणीचे असे हाल करणारा माणूस एकच होता. पुस्तक उघडं होतं ते नेमकं 'गालाच्या आतील पेशींचे निरीक्षण' या पानावर, आणि त्या पानावर काकांचा चष्मा होता.

काकूंनी दार लोटून घेतलं आणि काकांना हाक मारली. काका आले. त्यांनी टेबल पाहिलं, चष्मा पाहिला, आणि चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला. आता लपवायला तेवढंच तर उरलं होतं.

"थेंब काचेवर टाकायचा असतो," काकू म्हणाल्या. "तोंडात नाही."

काकांनी चष्मा नाकावर सारखा केला. मग त्यांच्यातला आगारप्रमुख जागा झाला. "वाचलं मी ते. पण ती काय पद्धत झाली? एकेक पेशी बाहेर काढायची आणि मग रंगवायची! आम्ही बसगाड्या रस्त्यात एकेक गाठून रंगवत होतो का? सगळ्या आगारात असताना एकदम रंगवायच्या, मग लागेल ती बाहेर काढायची."

"म्हणून गुळणी केलीत."

"चांगली खळखळून केली. चव बघून बाकीचं मोरीत ओतलं."

"मग दिसलं काही?"

"काळोख," काका पडलेल्या आवाजात म्हणाले.

खरं तर काकूंना रागच आला होता. आपल्यावर एवढा आळ आला आणि हा माणूस छताकडे बघत बसला! पण त्यांनी नवी दातकोरणी काढली. "आ करा," म्हणाल्या. काकांनी आ केला. गालावरून कोरणी हलकेच फिरवून त्यांनी काचेवर पाण्याच्या थेंबात टेकवली. वेगळा रंग घालायची गरजच नव्हती. वर पातळ काच ठेवली, दिवा सरकवला, स्क्रू फिरवला आणि त्या बाजूला झाल्या.

काका वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"हे... माझं?"

"तुमचंच."

"कशाही लावल्यात गं या! एकीवर एक! शिस्त म्हणून नाही!"

"अशाच असतात. फरशीसारख्या चपट्या. आतल्या बाजूला अस्तर म्हणून."

"आणि प्रत्येकीच्या मधोमध हा गडद ठिपका?"

"केंद्रक. सगळा कारभार तिथून चालतो."

"म्हणजे आगारप्रमुख," काका सुखावून म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "प्रत्येकीला वेगळा?"

"प्रत्येकीला. कुणी कुणाला मधे बोलू नकोस म्हणत नाही."

काका भिंगावरून उठले नाहीत, पण त्यांचे कान लाल झाले. ऊतींच्या भाषेत सांगायचं तर तिथला रक्तपुरवठा वाढला.

"मी तुमचं नाव घेणार नाही," काकू म्हणाल्या. "वकिलांपुढे तर नाहीच. पण एक ऐकून ठेवा. पुस्तकात दोन तऱ्हेचे स्नायू दिलेत. एक आपल्या मर्जीने हलतात. दुसरे न सांगता रात्रंदिवस चालतात आणि ते आहेत हे कुणाच्या लक्षातही नसतं. आजपर्यंत मी या घरात ती दुसरी नोकरी केली. उद्या मात्र मी माझ्या मर्जीने हलणार."

दुसऱ्या दिवशी काकू निघाल्या तेव्हा यंत्राची पेटी काकांनी उचलली. सूनबाई म्हणाली, "बाबा, दात तरी घासा."

"घासणार नाही. पुरावा आहे तो."

अर्थात वकील मागोमाग होतेच.

वर्गाच्या दाराशी शरीरशास्त्राच्या बाई उभ्या होत्या. आत काकूंच्या वयाच्या, सुनेच्या वयाच्या बायका काचपट्ट्या मांडून बसल्या होत्या.

"काकू, काय सांगायचंय तुम्हाला?" बाईंनी अवघडून विचारलं.

"काहीच नाही, बाई. माझी चूक झालेली नाही. मी परीक्षेला आलेय."

"वहिनी, हट्ट सोडा," वकील म्हणाले. "बाई, मी साक्षीदार..."

"वकीलसाहेब, तुम्ही कशाचेही साक्षीदार नाही!" काकांनी पेटी धाडकन बाकावर ठेवली. "रंग हिने उघडा टाकला नव्हता. बाटलीचं बूच मी काढलं. मीच गुळणी केली. मला माझ्या पेशी बघायच्या होत्या, आणि विचारायची लाज वाटली. लिहून घ्या हवं तर."

बाई गोंधळल्या. काकूंना वाचवायला नवरा खोटं बोलतोय, असंच त्यांना वाटलं. "कशावरून?"

आयुष्यभर ज्यांनी कुणाला उलट उत्तर देऊ दिलं नाही, त्या काकांनी भर वर्गापुढे, वकिलांच्या दिशेने, आपली लांबलचक निळी जीभ बाहेर काढली. आणि ठरवून, जरुरीपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवली.

वर्गात हशा पिकला. बाईही हसल्या, आणि हसता हसता एकदम गंभीर झाल्या. "म्हणजे बाटली रिकामीच?"

"हो," काकू म्हणाल्या.

"अहो, एकच बाटली होती वर्गाला! आता प्रात्यक्षिक कसं घ्यायचं?" बाईंनी बायकांकडे पाहिलं, रिकाम्या काचपट्ट्यांकडे पाहिलं, आणि मग त्यांची नजर हळूहळू काकांच्या तोंडावर येऊन टेकली. "काकू, आत या. काका, तुम्हीही या. त्या उंच स्टुलावर बसा."

थोड्याच वेळात काका वर्गाच्या मधोमध आ करून बसले होते आणि बायका नव्या कोऱ्या दातकोरण्या घेऊन त्यांच्यासमोर रांगेने उभ्या होत्या. रांग मात्र सरळ होती, एवढं एक समाधान काकांना मिळालं. वकिलांना कुणी बसा म्हटलं नाही. ते दाराच्या चौकटीत, ना आत ना बाहेर, असे उभे राहिले.

काकूंची पाळी आली. त्यांनी पट्टी तयार केली, भिंगाखाली ठेवली. बाईंनी डोळा लावून पाहिलं.

"सुंदर. सांगा, ही कोणती ऊती?"

काकू उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच स्टुलावरून उत्साहाचा आवाज आला, "आं... आं... आआ..." काकांनी पान पाठ केलं होतं.

काकूंनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"अभिस्तर ऊती, बाई," त्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या. "रोज झिजते, पण रोज नवी होते. आणि अहो, तुम्ही मधे बोलू नका."